आधी छप्पर, मग डबा: स्वतःच्या जमिनीवर कंटेनरचं छोटं घर

उरण-पनवेलच्या रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंच्या यार्डांत एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून हे रंगीत डबे आपल्या इतक्या ओळखीचे झालेत की त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण ज्याच्याकडे गावाकडे जमिनीचा तुकडा आहे आणि खिशात बंगल्याचे पैसे नाहीत, तो बघतो. तयार भिंती, तयार लाकडी जमीन, वर छत. ट्रेलरवरून आणायचा, ठेवायचा, राहायला जायचं.

मीही असाच बघत होतो. पाटण तालुक्यातल्या आमच्या जमिनीवर मी चाळीस फुटी डबा आणला, एप्रिलमध्ये ठेवला आणि मे महिन्यात आत झोपायला गेलो. दुपारी दोन वाजता भिंतीला हात टेकवून ठेवता येत नव्हता. रात्री अकरालाही आत बसवत नव्हतं, आम्ही सगळे बाहेर सतरंजीवर. त्या उन्हाळ्याने मला जे शिकवलं त्यावरच हा लेख उभा आहे: राहण्याजोगं घर डब्यामुळे होत नाही, ते त्याच्यावरच्या दुसऱ्या छपरामुळे आणि खालून-आजूबाजूने खेळणाऱ्या हवेमुळे होतं. पैशांची वाटणी करताना डबा शेवटी धरा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: सातबारा

सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज असा की पाया खणला नाही, डबा नुसता ठेवला, तर परवानगी लागत नाही. कारण ते "बांधकाम" नाही, उचलून नेता येतं. असं नाही. महसूल खातं जमिनीचा वापर काय आहे ते बघतं. शेतजमिनीवर तुम्ही राहायला लागलात की वापर बदलला, मग भिंत विटेची असो की पत्र्याची.

म्हणून यार्डात जाण्याआधी तलाठ्याकडे जा. ताजा सातबारा काढा, फेरफार वाचा, नाव तुमचंच आहे ना, बोजा नाही ना, सामाईक हिस्सेदार किती, ते बघा. जमीन बिनशेती असेल तर पुढचं काम बांधकाम परवानगीचं. शेती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतघराची सोय आहे, पण त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर धारण क्षेत्र लागतं आणि जोत्याच्या क्षेत्रफळालाही मर्यादा आहे. शेतघर म्हणजे शेतीसाठीचं घर. सुट्टीत भाड्याने देण्याची खोली त्यात बसत नाही. आणि मुळात जमीन अजून घ्यायचीच असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. "फार्महाऊस प्लॉट, दोन गुंठे, फक्त कंटेनर ठेवा" अशा जाहिराती दिसल्या की आधी वकिलाला सातबारा दाखवा, मगच विसार द्या.

यानंतर ग्रामपंचायत, किंवा तुमच्या भागात जे नियोजन प्राधिकरण असेल ते. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, माथेरान किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला असाल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध. अर्ज करताना नकाशात "कंटेनर" असा शब्द नुसता टाकू नका. लांबी, रुंदी, उंची, पाया, शौचालय, सांडपाणी हे सगळं दाखवा. समोरच्या माणसाला घर दिसलं पाहिजे. स्थापत्य अभियंत्याची सही असलेला साधा एक कागदी आराखडा इथे फार कामाला येतो. नोंद झाली की घरपट्टी लागते, आणि तीच पावती पुढे विजेच्या मीटरसाठी उपयोगी पडते.

दुसरी पायरी: रस्ता मोजा

हे कुणी करत नाही आणि मग ट्रेलर गावाबाहेर उभा राहतो. चाळीस फुटी डबा घेऊन येणारा ट्रेलर पुढच्या ओढणाऱ्या ट्रकसकट पन्नास फुटांच्या पुढे जातो. गावातल्या मारुतीच्या देवळाजवळचं ते वळण त्याला बसेल का? ट्रेलरचा पाटा जमिनीपासून साधारण दीड मीटर, त्यावर उंच जातीचा डबा २.९ मीटर, म्हणजे रस्त्यापासून ४.४ मीटर. लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या, कमानी, सगळं या उंचीने बघत चालत जा. तारा खाली असतील तर महावितरणला आधी अर्ज करा. बांबूने तार उचलून धरणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला ते करू देऊ नका.

रस्ता बसत नसेल तर वीस फुटी दोन डबे आणा. ते साध्या ट्रकवर येतात, रिकामा एक सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. चाळीस फुटी पावणेचार-चार टनांचा.

उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, लागते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हायड्रावर बारा किंवा चौदा टन लिहिलेलं असतं, ते बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखडलेला असताना. बूम जसा लांब जातो तशी ताकद झपाट्याने कमी होते. डबा पायापर्यंत न्यायला हायड्राला किती लांबून उचलावं लागेल ते ऑपरेटरला जागेवर आणून दाखवा. उचलताना साखळ्या चार कोपऱ्यांच्या ओतीव ठोकळ्यांनाच लावायच्या. आणि डब्याखाली, कितीही घाई असली तरी, कुणी उभं राहायचं नाही.

तिसरी पायरी: डबा निवडणं

मापं पाठ करून टाका. वीस फुटी डबा आतून १९ फूट ४ इंच लांब, ७ फूट ८ इंच रुंद. जमीन दीडशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. चाळीस फुटी डब्यात सुमारे तीनशे चौरस फूट मिळतात. साध्या डब्याची आतली उंची ७ फूट १० इंच. उंच जातीच्या, म्हणजे हाय क्यूबच्या, डब्याची ८ फूट १० इंच. हा एक फूट फार मोलाचा आहे. साध्या डब्यात छताला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, आणि आतलं पॅनेल लावलं की उंची साडेसात फुटांवर येते. तिथे सीलिंग फॅन लावला तर हात वर करून सदरा काढणाऱ्याची बोटं जायची. हाय क्यूब मिळत असेल तर तोच घ्या. साधाच घेतलात तर भिंतीवरचे पंखे लावा, या बाबतीत तडजोड नको.

वापरलेला डबा बघायला भर उन्हात जा. आत शिरा, कुणाला तरी बाहेरून दारं मिनिटभर बंद करायला सांगा आणि अंधारात डोळे स्थिरावू द्या. छताला किंवा भिंतीला टाचणीएवढं जरी भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. मग वाकून तळ बघा: आडव्या पोलादी पट्ट्यांवरचा गंज ग्राइंडरने निघणारा आहे की खपली धरून पापुद्रे सुटतायत? छतावर चढा. मधोमध खोलगट झालं असेल तर पावसाचं पाणी तिथे साठणार. दारावरच्या रबराचे तुकडे पडले असतील तर ते बदलता येतात, त्यासाठी डबा नाकारू नका.

नाकही वापरा. या डब्यांची जमीन २८ मिलिमीटर जाड प्लायवुडची असते आणि वाळवी-किडे लागू नयेत म्हणून तिला औषध मारलेलं असतं. शिवाय आयुष्यभरात त्या डब्यातून काय काय गेलं असेल, काय सांडलं असेल, ते कुणी सांगू शकत नाही. दारावरच्या धातूच्या पट्टीवर बनावटीचं वर्ष असतं आणि पुष्कळदा लाकडावर कोणती प्रक्रिया केली तेही कोरलेलं असतं. घरात लहान मूल रांगणार असेल तर माझं स्पष्ट मत आहे: जुनं प्लायवुड काढून टाका आणि नवं किंवा सिमेंट बोर्ड घाला. ते जमत नसेल तर निदान इपॉक्सीचा जाड थर देऊन पूर्ण बंद करा आणि त्यावर फरशी किंवा व्हिनाइल टाका.

कागदपत्रांतली एक बारीक बाब अनेकांना माहीत नसते. परदेशी कंटेनर आपल्या देशात मालासोबत तात्पुरते येतात, परत जाण्याच्या अटीवर. म्हणून त्यांच्यावर आयात शुल्क भरलेलं नसतं. तो इथेच विकायचा तर शुल्क भरावं लागतं. विक्रेत्याकडून जीएसटीचं बिल आणि शुल्क भरल्याचा कागद दोन्ही घ्या, आणि बिलावरचा क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. चार अक्षरं आणि सात आकडे असतात.

यार्डात "पोर्टा केबिन" म्हणून जे मिळतं ते वेगळं. ते बहुधा नव्या पत्र्याचं आणि सांगाड्याचं हलकं खोपटं असतं. वाईट नाही, पण जहाजाच्या डब्याची ताकद त्यात शोधू नका.

चौथी पायरी: पाया

डब्याचं सगळं वजन चार कोपऱ्यांवर उतरतं, तो तसाच बनवलेला आहे. बोटीवर भरलेले डबे थरांवर थर चढवतात ते या कोपऱ्यांच्या खांबांवर. मधल्या पन्हाळी भिंती दीड-दोन मिलिमीटरच्या. म्हणून सगळ्या जागेवर काँक्रीट ओतायची गरज नाही. वीस फुटीला चार कॉलम, चाळीस फुटीला सहा. भिंती बऱ्याच कापणार असाल तर आठ.

कॉलम किती खोल, हे जमीन ठरवते. मुरूम किंवा कातळ लागला तर सोपं आहे. काळी माती असेल तर थांबा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टेकलेला कॉलम दरवर्षी थोडा थोडा हलतो. डबा मोडणार नाही, पण दारं-खिडक्या अडकायला लागतील. काळी माती ओलांडून खालच्या घट्ट थरापर्यंत खणा, आणि खोली जास्त असेल तर अभियंत्याला विचारून पाइल, म्हणजे खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्या.

कॉलम जमिनीच्या वर निदान दोन फूट ठेवा. खालून हवा वाहते, पुराचं पाणी शिरत नाही, नळ आणि सांडपाण्याचे पाइप वाकून बघता येतात, तळाचा गंज दरवर्षी रंगवता येतो. साप-उंदरांची भीती वाटून ती पोकळी विटांनी बंद करणारे लोक मी पाहिलेत. बंद केली की ओल कोंडते. मोकळी ठेवा, झाडून ठेवा, तिथे सरपण रचू नका.

कॉलमच्या डोक्यावर ओतकामातच बोल्टांसह लोखंडी प्लेट बसवा. पाण्याच्या नळीने सगळ्या प्लेटा एका पातळीत आणा. डबा त्यावर टेकवला की वेल्डिंग करून जखडा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात काय झालं ते आठवा. रिकामा डबा जड दिसतो, पण त्याला वारा धरायला भिंतीही तेवढ्याच मोठ्या आहेत.

वेळापत्रक सांगतो: पाया फेब्रुवारीत, डबा मार्चमध्ये, वरचं छप्पर मे अर्ध्यावर येण्याआधी. जूनमध्ये ट्रेलर शेतात रुतला की दिवाळीशिवाय निघत नाही.

पाचवी पायरी: दुसरं छप्पर

इथे हात आखडू नका. डब्याच्या वर, त्याला न टेकता, स्वतंत्र खांबांवर पत्र्याचं उतरतं छप्पर उभारा. डब्याचं छत आणि हा पत्रा यांत किमान दीड फूट मोकळी जागा, दोन्ही टोकं उघडी. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, मधली तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि डबा सावलीत राहतो. पोलाद उष्णता इतकी पटकन आत नेतं की एकदा ऊन थेट डब्यावर पडलं की आतलं नुसतं इन्सुलेशन पुरं पडत नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षी छप्पर नव्हतं, दुसऱ्या वर्षी होतं; डबा तोच. दुसऱ्या मे महिन्यात आम्ही दुपारी आत झोपलो.

छपराची वळचण दक्षिणेला आणि पश्चिमेला चार-पाच फूट बाहेर काढा. त्या बाजूला आपोआप पडवी तयार होते. खरं सांगायचं तर आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ माणसं पडवीतच असतात: भाजी निवडणं, चहा, पावसाळ्यात कपडे वाळत घालणं, आल्यागेल्याला बसवणं. तीनशे चौरस फुटांच्या डब्याला अडीचशे फुटांची पडवी जोडली की घर जवळजवळ दुप्पट होतं, आणि ते सगळ्यात स्वस्त चौरस फूट असतात.

छपराच्या खांबांना स्वतःचा काँक्रीट पाया द्या, पत्रा नुसत्या हुकांवर सोडू नका. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून टाकीत घ्या किंवा चरातून लांब काढा, नाहीतर ते कॉलमच्या बुडाशी जिरेल. डबा ठेवतानाच लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे येतील असा ठेवा. मग सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड टोकांवर येतं.

सहावी पायरी: कापणं आणि भरणं

खिडक्या समोरासमोर. एका बाजूला चार खिडक्या असल्या आणि दुसरीकडे एकही नसली तर वारा आत येतच नाही. पन्हाळी भिंतच डब्याला ताठ ठेवते, त्यामुळे जिथे कापाल तिथे चौकोनी पाइपची चौकट आधी बसवा, चारही बाजूंनी वेल्ड करा, मग खिडकी. कोपऱ्यांचे खांब आणि वरची-खालची लांब तुळई यांना कटर लावायचा नाही. वर माती टाकून डबा जमिनीत पुरण्याचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. त्याच्या भिंती मातीचा आडवा दाब घेण्यासाठी बनलेल्या नाहीत.

डब्याच्या मूळ दारांबद्दल: त्यांचे दांडे फक्त बाहेरून उघडतात. आत माणूस असताना कुणी बाहेरून कडी सरकवली तर सुटका नाही. म्हणून स्वतःचं, आतून उघडणारं दार करा, आणि मूळ दारं एकतर काढून टाका किंवा उघड्या स्थितीत कायमची जखडा. दुसऱ्या टोकाला माणूस निघू शकेल एवढी एक खिडकी बिनगजांची, आतून उघडणारी असू द्या.

सगळं वेल्डिंग आणि कापणं संपल्यावरच इन्सुलेशन. हा क्रम मोडू नका, कारण फोम पेट घेतो. कारागिराला मास्क द्या. जुना रंग जळताना निघणारा धूर विषारी असतो. आतून पन्नास मिलिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोमची फवारणी केली तर पन्हळीच्या खाचाही भरतात. ग्लासवूल किंवा रॉकवूल स्वस्त पडतं, पण पत्रा आणि त्याच्यात फट राहिली की पावसाळ्यात दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी सुटतं आणि आतल्या आत बुरशी धरते. काहीही लावलं तरी वरून सिमेंट बोर्ड किंवा जिप्समने झाका, फोम उघडा ठेवायचा नाही. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक्झॉस्ट फॅन हवाच. गॅसचा सिलिंडर बाहेर, जाळीच्या कपाटात.

आतली रुंदी आता सव्वासात फुटांच्या आसपास उरते. सहा फुटी पलंग आडवा, एका टोकाला ठेवला तर बाकीची लांबी मोकळी मिळते. लांब भिंतीला लावलात तर रोज पलंगाला वळसा घालत फिराल. संडास-न्हाणी शक्य असेल तर डब्याबाहेर, पडवीला लागून विटांची बांधा. आत केली तर तळाच्या पोलादी पट्ट्या कापाव्या लागतात आणि रोजच्या पाण्याने तिथेच पहिला गंज धरतो. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून वीस मीटर तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

सातवी पायरी: वीज

सगळं घर लोखंडाचं आहे, ही गोष्ट इलेक्ट्रिशियनला पुन्हा पुन्हा सांगा. डब्याचा सांगाडा दोन ठिकाणी अर्थिंगला जोडा. मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवा. वायर सोलून पत्र्याला लागली तर तोच तुमचा जीव वाचवणार आहे. वायर पत्र्यातून जिथे जाते तिथे धार असते, तिथे रबरी बूच घाला आणि बाकी सगळीकडे वायर कंड्युट पाइपातून न्या. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून घराला तार ओढू नका, तो गुन्हा होतो. घरगुती मीटर वेगळा घ्या.

कोकणात बांधणाऱ्यांसाठी

हे डबे कॉर्टेन पोलादाचे असतात. त्याच्यावर बसणारा गंजाचा पातळ थरच पुढचा गंज अडवतो, हे खरं आहे. पण खाऱ्या हवेत तो थर टिकत नाही. मालवण, गुहागर किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत असाल तर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर, त्यावर इपॉक्सी, मग वरचा रंग, एवढं करावंच लागेल आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागेल. दापोली-राजापूरकडे चिरा जवळच्या खाणीत मिळत असेल आणि गवंडी गावातच असेल, तर मी मनापासून सांगेन: डबा आणण्याआधी दोन खोल्यांच्या जांभ्याच्या घराचं अंदाजपत्रक काढून बघा. कंटेनर तिथे शोभतो जिथे चांगला दगड-गवंडी नाही, बांधकामावर देखरेख ठेवायला माणूस नाही, आणि चार महिन्यांत छप्पर डोक्यावर हवं आहे.

आता राहिली देखभाल. पावसाळा संपला, दसऱ्याच्या आसपास, एक अख्खा दिवस द्या. शिडी लावून डब्याच्या छतावर जा, पाचोळा झाडा, जिथे रंग फुगलाय तिथे तारेच्या ब्रशने खरवडून लगेच प्रायमर लावा. खाली वाकून तळाच्या पट्ट्या बघा. छपराचे बोल्ट आवळा, पन्हळ साफ करा, खिडक्यांच्या चौकटींवरचं सीलंट भेगाळलंय का ते बोटाने चाचपा, आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो ना ते बघा. आमच्याकडे हे काम मी आणि माझा पुतण्या करतो. सकाळी आठला सुरू केलं की जेवणाच्या वेळेपर्यंत खाली उतरतो, आणि दुपारी रंग वाळेपर्यंत पडवीत आडवे होतो.